सिंधूताईंच्या पानाच्या एक्केचाळीस आवृत्त्या

७ ऑगस्ट

आज वाचनालयाच्या कार्यकारिणीने संकेतस्थळाची जबाबदारी माझ्यावर टाकली. इतिवृत्तात 'सोपवली' असं आहे, कारण इतिवृत्त मी लिहितो. प्रत्यक्षात अध्यक्ष दादाजी रामटेके म्हणाले, "नागसेन रिकामाच आहे, त्याले द्या." सरकारी छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढली, दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता चष्म्याचे नंबर वाढवले, आणि निवृत्तीनंतर माझी ही ओळख!

कल्पना उत्तम आहे. माझीच आहे. छप्पन साली ज्यांनी धम्मदीक्षा घेतली त्यांतली फार थोडी माणसं आता आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून घ्यायच्या आणि १४ ऑक्टोबरला संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुल्या करायच्या. दादाजींनी मान डोलावली आणि लगेच दुरुस्ती सुचवली, की पहिलं पान त्यांच्या वडिलांचं, म्हणजे संस्थापक बापूजींचं असावं. वाचनालयात बापूजींचे चार फोटो आहेत. पाचव्यासाठी भिंत उरली नव्हती, तिची सोय इंटरनेटवर झाली.

१० ऑगस्ट

माझी भाची दीक्षा नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत काम करते. काय काम करते ते तिने मला तीनदा समजावून सांगितलं आणि मग नाद सोडला. आज सुटी होती म्हणून तिला वाचनालयात बोलावलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे संकेतस्थळ उभारायला तयार प्रणाल्या मिळतात आणि त्या मुक्तस्रोत असतात. म्हणजे त्यांचा कोड कोणीही पाहावा, कोणीही बदलावा, कोणीही सुधारावा.

"कोणीही?" मी विचारलं.

"हो मामा. जगभरातले हजारो लोक मिळून करतात."

हजारो लोक मिळून करतात आणि तरी ते चालतं! आमच्या कार्यकारिणीत अकरा जण आहेत.

तिने तीन नावं सांगितली. पहिलं ड्रुपल. कोषाध्यक्षांना ते खोकल्याचं औषध वाटलं. दुसरं जुमला. त्यावर इतका हशा झाला की पुढचं कोणी ऐकूनच घेईना. "जुमले तं आपन दर पाच वर्सांनी ऐकतोच," दादाजी म्हणाले. उरलं वर्डप्रेस. त्यात 'प्रेस' आहे, म्हणून मी पाठिंबा दिला. तांत्रिक निर्णय असे घ्यायचे असतात.

१७ ऑगस्ट

दीक्षाने सगळं बसवून दिलं. मग खाती उघडायची वेळ आली आणि तिने सहज सांगितलं की या प्रणालीत पाच पायऱ्या असतात. सगळ्यांत वर प्रशासक, मग संपादक, मग लेखक, मग योगदानकर्ता, आणि तळाशी सदस्य. वरच्याला खालच्याचं सगळं करता येतं, खालच्याला वरच्याचं नाही.

कोषाध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला.

"वं दीक्षा," दादाजी सावकाश म्हणाले, "पायऱ्या मोडून आमचे मायबाप इथवर आले. अन् तू आमाले वाचनालयात पायऱ्या बांधून देऊन राहिली?"

तिने समजावलं की ही फक्त कामाची वाटणी आहे. "पहिलेही हेच सांगत," कोषाध्यक्ष म्हणाले. मी इतिवृत्ताची वही उघडली.

ठराव एकमताने मंजूर झाला. अकराही जण प्रशासक. दीक्षा बारावी. ज्यांना पासवर्ड म्हणजे काय ते माहीत नाही त्यांनाही सर्वाधिकार. दीक्षा मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, कोणीही कोणाचंही काहीही बदलू शकेल." मी तिला धीर दिला. संगणक चालू करता येणारे आमच्यात दोघंच आहेत, मी आणि दादाजी. त्यांतले दादाजी फक्त पत्त्यांचा खेळ खेळतात.

२४ ऑगस्ट

संकेतस्थळाचं रूप निवडलं. नमुन्याच्या पानावर कुठल्याशा परक्या भाषेतला निरर्थक मजकूर भरलेला असतो, जागा किती लागते ते दिसावं म्हणून. कोषाध्यक्षांनी विचारलं, "हे पाली आहे का?" कोणी काही सांगायच्या आत दोघांनी बसल्या जागी हात जोडले. श्रद्धेचं मुद्रितशोधन करायचं नसतं.

३१ ऑगस्ट

आज पहिली आठवण घेतली. सिंधूताई मागच्याच गल्लीत राहतात. वय चौऱ्याऐंशी, जन्म कन्हानचा, लग्नानंतर नागपूर, आणि हयात विड्या वळण्यात गेली. धम्मदीक्षेच्या वेळी पंधरा वर्षांच्या होत्या. आईबरोबर कन्हानहून पायी आल्या होत्या. बापूजी त्यांच्याच गावचे, शेजारचे.

दीक्षाने मोबाईल समोर ठेवला आणि ताई पावणेदोन तास बोलल्या. पांढरं लुगडं कुठून आणलं, कामठीत कोणी पाणी पाजलं, गर्दीत चप्पल कशी हरवली. मध्येच रडल्या, मध्येच हसल्या. दीक्षा एकदाही मध्ये बोलली नाही. मी सतरा वेळा बोललो, कारण कोणीतरी मुलाखतीला दिशा द्यायला हवी होती.

जाताना ताई म्हणाल्या, "नागसेन, समदं लिहजो गा. माह्या बोलण्यातलं काही सांडू नोको."

मी म्हटलं, "ताई, एक अक्षर चुकणार नाही."

३ सप्टेंबर

दीक्षाने ताईंचं बोलणं जसंच्या तसं टंकून पाठवलं. जसंच्या तसं! 'मले', 'तुले', 'काहून', 'करून राहिलो'. हे जगापुढे ठेवलं तर जग काय म्हणेल? आमच्या इंदोरा वस्तीत शुद्ध मराठी येणारा एक माणूस नव्हता का, असं म्हणेल. असा एक माणूस आहे, हे दाखवणं माझं कर्तव्य आहे.

'मले'चं 'मला' केलं. 'लय'चं 'अत्यंत'. चपलेची गोष्ट काढली. कामठीचं पाणी ठेवलं, पण 'तहानलेल्या जनसमुदायास जलदान करण्यात आले' असं. दीक्षाने फोनवर विचारलं, "मामा, ताई असं बोलतात का?" तिला सांगितलं, बोलणं वेगळं आणि छापणं वेगळं. ती हं म्हणाली. आजची पिढी चर्चेत टिकत नाही.

५ सप्टेंबर

बापूजींच्या घरच्या देवांचा एक परिच्छेद फार लांबला होता. ताई त्यात मायमाय करत भटकल्या आहेत. म्हातारीने काय केलं, बापूजी काय म्हणाले, टोपलं, नदी. मी त्यातला गाभा तेवढा ठेवला:

'कन्हान येथील सर्व बांधवांनी आपापले देव नदीत विसर्जित केले. बापूजींच्या घरचे देव मात्र धान्याच्या कोठीत लपवून ठेवण्यात आले होते. बापूजींना याची पूर्ण कल्पना होती.'

नेमकं, नीटनेटकं, तीन वाक्यांत. मुद्रितशोधकाला लेखक म्हणून कोणी ओळखत नाही, ही या देशाची खंत आहे.

९ सप्टेंबर

सिंधूताईंना त्यांचं पान वाचून दाखवलं. त्या शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "बरं हाय. कोन बाई होय हे?"

इतक्या भारावल्या की स्वतःला ओळखेनात! मी म्हटलं, "ताई, तुम्हीच."

"मी?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "चहा घेतो काय?"

अशी विनम्र माणसं आता होत नाहीत.

२२ सप्टेंबर

घात झाला. १४ तारखेच्या तयारीसाठी सगळी पानं पुन्हा तपासत होतो. ताईंच्या पानावर 'बापूजींना याची पूर्ण कल्पना होती' हे वाक्य नाही! त्याच्या आधीचं कोठीचं वाक्यही नाही. सगळ्यांनी देव नदीत सोडले, इथवर ठीक, आणि पुढे एकदम विड्यांचा परिच्छेद सुरू.

दीक्षाला फोन केला. ती म्हणाली की प्रत्येक बदल या प्रणालीत साठतो. 'आवृत्त्या' असं एक बटण आहे. त्यात कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द काढला आणि कोणता घातला, सगळं दिसतं. काढलेलं लाल, घातलेलं हिरवं. मी ते बटण दाबलं.

२० सप्टेंबर, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. खात्याचं नाव: दादाजी.

पत्ते खेळणाऱ्या हाताने इतिहास पुसला! एका जिवंत साक्षीदाराचे शब्द! मी वाक्यं परत घातली नाहीत. पुरावा जागेवरच राहू दिला.

२३ सप्टेंबर

दादाजींना वाचनालयात गाठलं. मी फक्त "सिंधूताईंचं पान" एवढं म्हणालो आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ते खोटं आहे," ते म्हणाले.

"ताईंनी सांगितलंय."

"बुढी झाली आता. काहीही सांगून राहिली." मग आवाज चढला. "ज्या माणसानं हे वाचनालय उभं केलं, त्याच्यावर चोरून देव ठेवल्याचा शिक्का मारतो तू? तेही १४ तारखेले? लोक काय म्हणतील, येक बोलला अन् घरी येक केलं?"

मी म्हटलं की साक्षीदाराच्या शब्दाला हात लावायचा अधिकार कोणालाच नाही. वाक्य छान जमलं. इथे नोंदवून ठेवतो.

ते निघून गेले. पंचाहत्तरीचा माणूस, पण जिन्यात इतके वाकलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. गुन्हा पकडला गेला की असं होतं.

२४ सप्टेंबर

विशेष सभेची सूचना काढली. विषय एकच: 'साक्षीदाराच्या शब्दांत फेरफार'. दीक्षाला प्रोजेक्टर आणायला सांगितलं. आवृत्त्यांचं पान भिंतीवर दाखवणार.

ती म्हणाली, "मामा, फक्त शेवटचा बदल दाखवा. मागचं काही उघडू नका."

मी म्हटलं, लपवण्यासारखं माझ्याकडे काय आहे?

ती बराच वेळ फोनवर गप्प होती. रेंज गेली असावी.

२८ सप्टेंबर

आजचं लिहायचं की नाही, याचा सकाळपासून विचार करतोय. सभा काल झाली. इतिवृत्त अजून लिहिलेलं नाही.

सगळे आले होते. सिंधूताईंनाही आणलं होतं, पहिल्या रांगेत. मी अन्याय, सत्य आणि स्वल्पविराम या विषयांवर दहा मिनिटं बोललो. मग भिंतीवर दादाजींची ती आवृत्ती दाखवली. दोन वाक्यं लाल. सभा कुजबुजली. दादाजी खाली बघत बसले होते.

तिथे थांबायला हवं होतं. पण पानाच्या वर एक सरकपट्टी असते, ती मागे ओढली की आधीच्या आवृत्त्या दिसत जातात. मला मूळ साक्ष किती निर्मळ होती ते दाखवायचं होतं. मी पट्टी मागे ओढली.

भिंत लाल झाली.

आणखी ओढली. आणखी लाल. एकेक वाक्य, एकेक शब्द, पानामागून पान. चप्पल लाल, लुगडं लाल, 'मले', 'मले', 'मले' लाल. आणि प्रत्येक आवृत्तीवर एकच नाव. नागसेन. नागसेन. नागसेन.

कोषाध्यक्षांना मोजायची सवय आहे. त्यांनी मोजलं. एकूण एक्केचाळीस आवृत्त्या. पहिली दीक्षाची, शेवटची दादाजींची. मधल्या एकोणचाळीस माझ्या.

"दादाजीनं दोन वाक्यं काढली," ते म्हणाले, "अन् तुवा तं बाईच काढून टाकली गा नागसेन."

मी शुद्धलेखनाच्या नियमांचा हवाला दिला. पूर्ण आठवत नाही काय बोललो. लोक हसत नव्हते, तेच जास्त वाईट होतं. सिंधूताई भिंतीकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी शेजारच्या बाईला विचारलं, "लाल कायले झालं वं?" त्या बाईने सांगितलं, "हे तुमचं काढलेलं होय, ताई."

"येवढं?"

तेव्हा दीक्षा उठली. तिने पहिली आवृत्ती उघडली नाही. मोबाईलवर मूळ बोलणंच लावलं, तो देवांचा भाग. ताईंचा आवाज खोलीभर झाला:

"आमच्या कन्हानात साऱ्यायनं देव नदीत सोडले. बापूजीच्या मायनं नाही सोडले. बुढीनं कोठीत जवारीखाली लपवले. बापूजीले ठाऊक होतं. सभेत येवढा गरजे तो मानूस, पन घरी मायले येक शबद नाही बोलला. मायच्या हातून हिसकून घेतलं असतं तं तो बापूजी कायचा? मले म्हने, सिंधू, बुढी आपल्या हातानं सोडन तवाच ते सुटन. चार वर्सं थांबला. मंग येक दिवस बुढीनंच टोपलं डोक्यावर घेतलं अन् नदीवर गेली. मी होती संगं. सोडले अन् म्हने, आता माहा लेक घरातही मोठ्यानं बोलन."

दादाजींनी मान वर केली होती. ते मोबाईलकडे असे बघत होते, जसं काही तो बोलायचा अजून थांबलेला नाही.

मग उठले आणि निघून गेले. सभा विसर्जित झाली. ती करायचं काम अध्यक्षांचं, ते नव्हते, त्यामुळे ती नियमबाह्य आहे, हेही मला आज सकाळी सुचलं.

२९ सप्टेंबर

माझं तीन वाक्यांचं ते काम पुन्हा वाचलं. 'लपवून ठेवण्यात आले होते.' कोणी लपवले? त्यात म्हातारी नाही. वाचणारा माणूस बापूजींचंच नाव घेणार. ताईंनी कौतुक केलं होतं. मी त्याचं आरोपपत्र केलं आणि वर दादाजींना चोर ठरवलं.

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. तेवढंच.

१ ऑक्टोबर

सिंधूताईंकडे गेलो. माफी मागायचं मनात बांधून गेलो होतो, चांगलं वाक्य तयार केलं होतं. त्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या.

"ताई, चुकलं माझं."

"तू पोरपनापासून असाच हाय," त्या म्हणाल्या. "माह्या लग्नाची पत्रिका तुह्या बापानं लिहली होती. तोही असाच. नवऱ्याचं नावच बदलून टाकलं होतं, म्हने गावंढळ वाटते."

"मग?"

"मंग काय. मानूस तोच आला."

त्यांना म्हटलं की दीक्षाची पहिली आवृत्ती परत ठेवतो, अख्खी. त्यांनी तांदळातला खडा काढून टाकला. "चपलीचं हाय का त्यात?"

"आहे."

"मंग ठेव."

मागे फिरलो तर म्हणाल्या, "दादाजीकडे गेलता का? पह्यलं तिकडे जाय. त्याचा तं बाप होता."

गेलो नाही. वाटेत पाय दुसरीकडेच वळले.

४ ऑक्टोबर

पुन्हा सभा. यावेळी दादाजी नव्हते. मीच ठराव मांडला की अकराही जणांचे सर्वाधिकार काढावेत. माझेही. बदल दीक्षा करेल, आणि ज्याचं बोलणं आहे त्याला वाचून दाखवल्याशिवाय एकही शब्द हलणार नाही. कोषाध्यक्षांनी विचारलं, "मंग नागसेन, तू काय करशीन?"

मी म्हटलं, टंकेन.

कोणी विरोध केला नाही. इतकं एकमत मला अपमानास्पद वाटलं.

दादाजींकडे अजून गेलेलो नाही. त्यांच्या घरासमोरून दोनदा गेलो. एकदा भाजी आणायला आणि एकदा भाजी घरात असताना.

११ ऑक्टोबर

आज सकाळी वाचनालय उघडलं तेव्हा दादाजी पायरीवर बसले होते. मी माफीचं वाक्य सुरू केलं. त्यांनी हाताने थांबवलं.

"ते मशीन लाव," ते म्हणाले.

मला वाटलं पत्ते खेळायचेत. संगणक लावला. ते माझ्या शेजारी बसले, खुर्ची ओढून, खूप जवळ.

"माहं लिही. बुढीसारखं. जसंच्या तसं."

मी कोरं पान उघडलं. ते बोलू लागले आणि मी टंकत गेलो. ते तेव्हा आठ वर्षांचे होते. आजीने जवारी काढायला कोठीवर चढवलं. हात खोल घातला तर काहीतरी कडक लागलं. फडकं. आत देव.

"मले ठाऊक होतं का देव वाईट. बापूजीच सांगत. मी ते घेऊन धावत त्याच्याकडे गेलो. वाटलं शाबासकी भेटन."

माझी बोटं थांबली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, दादाजी?" मी विचारलं. "तुम्ही मला म्हणालात ते खोटं आहे."

"सदुसष्ट वर्सं झाली मले माहीत होऊन. मी समजत होतो का बापूजीच लपवून राहिला. सभेत येक, घरी येक. कोणाले सांगतलं नाही. बायकोले नाही, पोरायले नाही. त्याच्या फोटोले हार घालताना दरवर्सी मनात तेच ये." त्यांनी चष्मा काढला. "बुढी नदीवर गेली ते मले ठाऊकच नाही गा. मी मामाकडे शाळेले होतो. कोणी सांगतलंच नाही. आता ते समजलं, मंग आता हेही लिही."

मग पुढचं सांगितलं. मी टंकलं. दोनदा त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एकही शब्द बदलला नाही आणि मीही नाही. 'भेटन' ठेवलं, 'मले' ठेवलं. हात शिवशिवले, पण बोटं टेबलाखाली घेतली.

शेवटचं वाक्य असं आहे: 'बापूजीनं मले येक झापड मारली, अन् ते देव सोताच्या हातानं परत कोठीत ठेवून वरून जवारी सारखी केली.'

नियमाप्रमाणे तिथे 'अन्'च्या आधी स्वल्पविराम नको. दीक्षाच्या नजरेला तो येईल, आणि ती विचारेल. तिला सांगणार आहे, काढू नको. तिथे दादाजी बराच वेळ थांबले होते.